दर्यावरचा सेनानी, लेकींचा बाप

(श्रींच्या मंदिराच्या जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त सभामंडपात झालेले भाषण)



आज श्रींच्या शिखरावर कळस चढला. वाडवडिलांच्या हातचे देऊळ पडके झाले होते, ते आपण सर्वांनी मिळून पुन्हा उभे केले. अशा मंगल प्रसंगी कोणा संतसज्जनाचे चरित्र सांगावे अशी आपल्याकडची रीत आहे. समितीने मला विषयाची मोकळीक दिली, म्हणून मी आज एका दर्यावर्दी माणसाचे चरित्र सांगणार आहे. हा माणूस आपल्याच अलिबाग तालुक्यात येऊन राहिला. भारताच्या नौदलाचे सर्वोच्च पद त्याने भूषवले, छातीवर वीरचक्र लावले, आणि निवृत्त झाल्यावर मुंबई-दिल्लीची हवा सोडून भायमळ्यासारख्या खेड्यात शेतावर घर केले. त्यांचे नाव अ‍ॅडमिरल लक्ष्मीनारायण रामदास. 15 मार्च 2024 रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

आपल्या किनाऱ्याला दर्यावर्दी माणसांचे अप्रूप नाही. सरखेल कान्होजी आंग्र्यांची समाधी अलिबागेत आहे. आपल्या कोळी-आगरी घरांतून कोणी मासेमारीच्या होडीवर, कोणी व्यापारी बोटीवर, कोणी नौदलात, कोणी माझगाव गोदीत अशी माणसे पिढ्यान्‌पिढ्या गेली आहेत. तेव्हा नौदलातल्या मोठ्या हुद्द्याचे कौतुक सांगायला मी उभा राहिलेलो नाही. हुद्दा निवृत्तीच्या दिवशी खाली ठेवावा लागतो. मला सांगायचे आहे ते या माणसातल्या बापाविषयी. ते तीन मुलींचे वडील होते. त्यांच्या घरात मुलींना जे मिळाले, तेच पुढे देशातल्या परक्या मुलींना मिळावे म्हणून त्यांनी आपल्या अधिकाराचा उपयोग केला. ही गोष्ट मला या देवळात, या दिवशी, सांगण्याजोगी वाटते. त्यांच्या घरच्या खाजगी गोष्टींत शिरण्याचा मला अधिकार नाही. जे जगजाहीर आहे तेवढेच मी बोलणार आहे.

रामदास यांचा जन्म 5 सप्टेंबर 1933 रोजी मुंबईत माटुंग्याला झाला. देश स्वतंत्र झाला तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. भूदल, नौदल आणि वायुदल या तिन्ही दलांच्या मुलांना एकत्र शिक्षण देणारी संस्था डेहराडूनजवळ क्लेमेंट टाऊन येथे 1949 साली सुरू झाली, आणि त्याच वर्षी ते तिथे दाखल झाले. हीच संस्था पुढे आपल्या पुण्याजवळ खडकवासल्याला आली, आणि आज सारा महाराष्ट्र तिला एन. डी. ए. म्हणून ओळखतो. ही संस्था श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे मला तिच्याकडे परत यायचे आहे.

सप्टेंबर 1953 मध्ये ते नौदलात अधिकारी झाले. त्यांचा खास अभ्यास संदेशवहनाचा. एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाला निरोप पोचवायचा तो निशाणांनी, दिव्याच्या उघडझापीने किंवा बिनतारी यंत्राने. या कामात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर जहाजे एकमेकांवर आदळायची. म्हणून या माणसांना नेमके ऐकायची आणि नेमके बोलायची सवय लागते. रामदासांना ती जन्मभर पुरली असे त्यांचे पुढचे आयुष्य पाहून वाटते. 1969 साली कोचीनला नौदलाची स्वतःची प्रबोधिनी उभी राहिली, तिची उभारणी त्यांच्याकडे होती. म्हणजे पोरांना घडवण्याचे काम त्यांनी घरी केले, तसे दारीही केले.

त्यांच्या पत्नी ललिताबाई या अ‍ॅडमिरल रामदास कटारी यांच्या कन्या. 1958 साली नौदलाचे प्रमुख झालेले पहिले भारतीय ते हेच कटारी. सासरे नौदल प्रमुख आणि पुढे जावईही नौदल प्रमुख, असा हा योग. पण ललिताबाईंची ओळख तेवढीच नाही. त्या स्वतः शिक्षणक्षेत्रातल्या मोठ्या कार्यकर्त्या. प्रौढशिक्षणाच्या जागतिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण घरात आईचे काम आणि आईचा शब्द मानाचा असला म्हणजे मुलींना वेगळे धडे द्यावे लागत नाहीत.

आता 1971 सालाकडे वळू. त्या साली आपल्या पूर्वेला बांगलादेशाच्या मुक्तीसाठी युद्ध झाले. तेव्हा रामदास कमांडर होते आणि ‘बियास’ या युद्धनौकेचे कप्तान होते. आपली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ बंगालच्या उपसागरात उतरली होती. तिच्यावरची विमाने चितगाव आणि कॉक्स बाजारवर झेप घेत होती. विक्रांत हे मोठे धन. तिला राखण्यासाठी भोवती लहान युद्धनौकांचे कडे होते आणि त्या कड्यात बियास होती. शत्रूच्या बंदरांत आतले जहाज बाहेर पडू नये आणि बाहेरची रसद आत जाऊ नये, अशी समुद्राची नाकेबंदी या ताफ्याने केली. पाण्यात सुरुंग पेरलेले. पाणबुडीचे भय तर होतेच. विक्रांतच्या शोधात आलेली ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ 3 डिसेंबरच्या रात्री बुडाली, यावरून त्या दिवसांतले पाणी किती धोक्याचे होते हे ध्यानात यावे. समुद्राची वाट बंद झाल्यामुळे पूर्वेकडच्या पाकिस्तानी फौजेला पळायला जागा उरली नाही, आणि 16 डिसेंबर 1971 रोजी ढाक्याला तिने शरणागती पत्करली. या युद्धातल्या कामगिरीबद्दल रामदासांना वीरचक्र मिळाले.

मंडळी, आता जरा नाविकाच्या घराकडे पाहू. आपल्यापैकी ज्यांच्या घरचे माणूस बोटीवर आहे त्यांना हे सांगायला नको. बाप सहा सहा महिने दिसत नाही. पोर रांगत असते तेव्हा गेलेला बाप परत येतो तेव्हा ते धावत असते आणि परका माणूस म्हणून आईच्या पदराआड लपते. नौदलात तर बदल्याही पाठोपाठ. आज कोचीन, उद्या मुंबई, परवा विशाखापट्टणम. 1973 ते 1976 रामदास पश्चिम जर्मनीत बॉन येथे आपल्या वकिलातीत नौदलाचे प्रतिनिधी होते. अशा घरात बापाने मुलांवर नजर ठेवायची म्हटले तरी ती ठेवता येत नाही. मग दोनच वाटा उरतात. एक तर लांबून हुकूम सोडत राहायचे, नाहीतर मुलांवर विश्वास टाकायचा. रामदासांच्या मुलींची पुढची आयुष्ये पाहिली म्हणजे या बापाने दुसरी वाट धरली असावी हे समजते.

थोरली कविता. अमेरिकेतल्या एका जागतिक महिला निधीची सूत्रे तिने 1996 ते 2010 या काळात सांभाळली. देशोदेशीच्या गोरगरीब स्त्रियांच्या मंडळांना हा निधी मदत करतो. दुसरी सागरी. नाविकाच्या घरी याहून सुंदर नाव कोणते असणार? ही सागरी गुराढोरांची डॉक्टर झाली. मोठ्या शहरात दवाखाना थाटून बसण्याऐवजी तिने धनगर, आदिवासी आणि शेतकरी बायकांच्या शेळ्या-मेंढ्या, गाई-म्हशी आणि कोंबड्यांसाठी खेड्यापाड्यांत काम केले. पुण्यात आणि हैदराबादेत ज्या महिला पशुवैद्यांनी ‘अंतरा’ ही संस्था उभी केली त्यांत ती होती. बायका आपली जनावरे कोणत्या झाडपाल्याने बरी करतात ते टिपून घ्यायचे, आणि जिथे खऱ्या औषधाची गरज आहे तिथे ते द्यायचे, अशी या कामाची पद्धत. तिसरी मुलगीही आपल्या मनाने आपली वाट चालली. सर्वोच्च सेनानीच्या मुली म्हणून मिरवणे सोपे होते. त्या कामाच्या जोरावर ओळखल्या गेल्या.

30 नोव्हेंबर 1990 रोजी अ‍ॅडमिरल रामदास नौदल प्रमुख झाले आणि सप्टेंबर 1993 अखेर निवृत्त झाले. या तीन वर्षांत एक घटना घडली, तिच्यासाठी मी हे भाषण करतो आहे. तोवर आपल्या नौदलात स्त्री अधिकारी म्हणजे फक्त डॉक्टर. 1992 साली पहिल्यांदा नौदलाने आपली दारे मुलींना उघडली. शिक्षण, पुरवठा आणि कायदा या तीन शाखांत मुली अधिकारी म्हणून घेतल्या गेल्या. आज हे ऐकताना साधे वाटते. पण त्या वेळी किती शंका निघाल्या असतील याची कल्पना करा. जहाजावर जागा कुठे? लग्न झाल्यावर काय? हुकूम पुरुष मानतील का? अशा शंका काढणारी माणसे वाईट नसतात, पण त्यांच्यामुळे दार मात्र बंद राहते. दार उघडायला वरच्या जागी असा माणूस लागतो की ज्याने आपल्या घरात मुलींची हिंमत डोळ्यांनी पाहिली आहे.

त्या उघडलेल्या दारातून पुढे कोण कोण गेले ते ऐका. 10 सप्टेंबर 2017 रोजी गोव्याहून ‘तारिणी’ नावाची शिडाची नौका निघाली. ओडिशातल्या तारातारिणी देवीवरून तिचे नाव ठेवले आहे. नावेवर नौदलाच्या सहा स्त्री अधिकारी होत्या, कप्तान लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी. एकही पुरुष सोबत नाही. दक्षिणेकडच्या खवळत्या समुद्रातून पृथ्वीप्रदक्षिणा करून 21 मे 2018 रोजी ती नौका गोव्याला परत आली. आपल्यापैकी ज्यांनी शिडाच्या होडीवर वादळ पाहिले आहे त्यांनाच याची किंमत कळेल. 17 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नौदलातल्या स्त्री अधिकाऱ्यांनाही पुरुषांप्रमाणे कायम नेमणुकीचा हक्क आहे असा निर्णय दिला. 2023 च्या मार्चमध्ये ओडिशातल्या चिल्का येथील केंद्रातून मुली प्रथमच अग्निवीर नाविक म्हणून बाहेर पडल्या. आणि ज्या संस्थेत रामदास 1949 साली दाखल झाले, त्या एन. डी. ए. मधून 30 मे 2025 रोजी मुलींची पहिली तुकडी, सतरा जणींची, दीक्षा घेऊन बाहेर पडली. हे पाहायला अ‍ॅडमिरल हयात नव्हते. पण दाराची पहिली कडी काढली गेली तेव्हा ते तिथे होते.

आता एक नाजूक गोष्ट सांगतो. थोरल्या मुलीने जोडीदार निवडला तो पाकिस्तानचा. बापाने त्याच देशाशी समोरासमोर युद्ध केलेले, वीरचक्र मिळवलेले. आपल्याकडे शेजारच्या गावातला मुलगा, पण पोटजात वेगळी, एवढ्यावरून घरात अन्नपाणी बंद होते. इथे तर सीमा आडवी होती. रामदासांनी मुलीचा निर्णय मानला आणि जावयाला घरचा मानले. युद्धात शत्रूची नौका बुडवणे हे त्यांचे कर्तव्य होते, ते त्यांनी कसूर न करता केले. युद्ध संपल्यावर माणसाचा द्वेष करणे हे कर्तव्यात बसत नाही, असा त्यांचा हिशोब असावा. निवृत्तीनंतर भारत आणि पाकिस्तान या दोन देशांतल्या सामान्य माणसांचे बोलणे सुरू राहावे म्हणून त्यांनी खूप झटून काम केले. 2004 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. पाकिस्तानचे ज्येष्ठ पत्रकार इब्न अब्दुर रहमान यांच्याबरोबर तो विभागून दिला होता. अण्वस्त्रांना त्यांचा जाहीर विरोध होता. त्यांची सगळी मते सगळ्यांना पटत असत असे नाही. या मंडपातही ती न पटणारे अनेक असतील, आणि त्यात काही गैर नाही. परंतु युद्ध म्हणजे काय हे ज्याने जहाजाच्या पुलावर उभे राहून पाहिले, त्याच्या शब्दाला निदान ऐकून घेण्याइतका मान द्यावा.

आपल्या जिल्ह्यावरही त्यांचे ऋण आहे. 2005 नंतर उरण, पेण आणि पनवेल तालुक्यांतल्या शेतजमिनी विशेष आर्थिक क्षेत्रासाठी घेण्याचे घाटले, तेव्हा शेतकरी उठले. 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यातल्या बावीस गावांत शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले, ही आपल्याकडची नवलाची गोष्ट. त्या लढ्यात हे निवृत्त नौदल प्रमुख आणि त्यांच्या पत्नी शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. या वयात, एवढे मानमरातब मिळाल्यावर, दुसऱ्याच्या भाताच्या खाचरासाठी उन्हात उभे राहण्याची त्यांना गरज नव्हती.

बंधू-भगिनींनो, चरित्र सांगायचे आणि आपण होतो तसे राहायचे, याला अर्थ नाही. म्हणून शेवटी आपल्या घरचे बोलतो. मी शिक्षकी पेशातला माणूस. आपल्या गावच्या मुली दहावीला मुलांच्या पुढे असतात हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. पुढे त्यातल्या किती अलिबागला कॉलेजात जातात आणि कितींची शाळा लांबचा रस्ता आणि लोकांची तोंडे या कारणांनी बंद होते, हे तुम्ही सारे जाणता. मुलाला बोटीवर पाठवताना आपण समुद्राला भीत नाही. मुलीला एस. टी. त बसवताना मात्र भितो.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे, पण देवाच्या दारात खरे बोलावे. आपल्या भागात जमिनीला भाव आला तसे तहसील कचेरीत हक्कसोडपत्रांचे काम वाढले. बाप वारला की महिन्याभरात भाऊ बहिणींना बोलावून घेतात, साडी-चोळी करतात आणि कागदावर सह्या घेतात. बहीण सही करते, कारण तिला माहेर तुटायला नको असते. आपल्या राज्यात 1994 पासून आणि साऱ्या देशात 2005 पासून वडिलार्जित मिळकतीत मुलीचा वाटा कायद्याने मुलाच्या बरोबरीचा आहे. तिने राजीखुशीने सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण सही केली नाहीस तर गौरी-गणपतीला येऊ नकोस, असे म्हणून घेतलेली सही राजीखुशीची नसते. ती माहेरपणाची किंमत झाली.

आणि आता या देवळाकडे पाहा. वर्गणीच्या पावत्या लिहिताना माझ्या ध्यानात आले की लग्न होऊन परगावी गेलेल्या कितीतरी लेकींनी आपणहून पैसे पाठवले आहेत. कोणी भात विकून, कोणी पापलेट-सुरमई बाजारात बसून विकलेल्या पैशांतून, कोणी पगारातून. त्यांच्या वाट्याची जमीन भावांच्या नावावर आहे, तरी ग्रामदैवतावरची त्यांची माया आटलेली नाही. समितीला माझी हात जोडून विनंती आहे की संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावे कोरताना या लेकींची नावे त्यांच्या स्वतःच्या नावाने कोरावीत. अमक्याची बहीण, तमक्याची पत्नी असे लिहून त्यांना पाहुण्यांच्या रांगेत बसवू नये. त्या या गावच्याच आहेत. देवाला त्या कधी परक्या वाटल्या नाहीत.

ज्या बापांना मुली आहेत त्यांनी घरी गेल्यावर फार मोठे काही करू नये. मुलीला एवढेच विचारावे की तुला काय व्हायचे आहे, आणि ती सांगेल ते मध्येच न तोडता ऐकून घ्यावे. ती नौदल म्हणाली तर हसू नका. वाट आता मोकळी आहे, आणि ती मोकळी करणाऱ्यांतला एकजण आपल्याच तालुक्यात शेती करून राहत होता, हे तिला सांगा.

आपल्या नौदलाचे ब्रीद म्हणजे वरुणदेवाने आमचे कल्याण करावे अशी प्रार्थना आहे. पाण्यावर गेलेल्या प्रत्येक लेकराचे, मग तो मुलगा असो की मुलगी, वरुणदेव आणि आपले ग्रामदैवत रक्षण करो. अ‍ॅडमिरल रामदासांच्या स्मृतीला सर्व गावाच्या वतीने मी वंदन करतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!